सागरमाळावरील साठ वर्षे : शिवाजी विद्यापीठाच्या योजकतेचा इतिहास

संस्थांचे इतिहास बहुधा कोनशिलांच्या क्रमाने लिहिले जातात, आणि त्यात गैर असे काही नाही. कारण कोनशिलेवर तारीख असते, नाव असते, आणि स्मरणिकेच्या संपादकाला या दोन्ही वस्तूंची निकड असते. परंतु शिवाजी विद्यापीठाला साठ वर्षे पूर्ण होत असता त्याच्या इतिहासातील जे प्रकरण मला लिहावेसे वाटते, त्याची साक्ष इमारतींपेक्षा ठराव, अंदाजपत्रके आणि कायद्यांची कलमे अधिक देतात. पुढील पंचवीस-तीस वर्षांत आपण काय व्हावे, याचा विचार या विद्यापीठाने कोणत्या प्रसंगी आपण होऊन केला, कोणत्या प्रसंगी तो त्याच्यावर वरून लादला गेला, आणि कोणत्या प्रसंगी विचार करण्याची सवड असूनही त्याप्रमाणे वागण्याची मुखत्यारी त्याला उरली नाही, हे ते प्रकरण होय. अलीकडे यालाच दीर्घकालीन नियोजन असे भारदस्त नाव मिळाले आहे. आमच्या जुन्या कारभारी मंडळींनी याला नुसती तजवीज म्हटले असते.

विद्यापीठाचा जन्म १९६२ सालचा असला, तरी त्याची आकांक्षा बरीच जुनी आहे. कोल्हापुरात राजाराम कॉलेज १८८० साली निघाले. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून निरनिराळ्या जातिजमातींच्या मुलांसाठी वसतिगृहांची जी मालिका उभी केली आणि १९१७ साली सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा जो हुकूम काढला, त्यांमुळे या नगरीत शिक्षण ही सरदार-मानकऱ्यांची मिरास न राहता कुणब्याच्या पोराचाही हक्क होण्याच्या वाटेला लागले. १९१९ हे वर्ष तर या प्रदेशाच्या शैक्षणिक इतिहासात विशेष म्हणावे लागेल. त्याच वर्षी सांगलीजवळ विलिंग्डन कॉलेज सुरू झाले, त्याच वर्षी सातारा जिल्ह्यातील काले येथे कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली, आणि त्याच वर्षी शाहू महाराजांनी राजाराम कॉलेजचा कारभार आर्य समाजाच्या हवाली केला. त्या व्यवस्थेतून पुढे कोल्हापुरास आलेले प्राचार्य डॉ. बाळकृष्ण हे शिवचरित्राचे व्यासंगी अभ्यासक. इंग्रजीत शिवाजी महाराजांचे बृहत् चरित्र लिहिणारे हे गृहस्थ महाराष्ट्राबाहेरून आलेले होते, हे येथे मुद्दाम नोंदवण्यासारखे आहे, कारण छत्रपतींच्या नावाने कोल्हापुरात एक विद्यापीठ असावे ही कल्पना मुळात त्यांची, असे कोल्हापूरकर आजही मानतात.

पण आकांक्षा संस्थानी होती आणि काळ संस्थानांचा उरला नव्हता. पुणे विद्यापीठ १० फेब्रुवारी १९४९ रोजी अस्तित्वात आले आणि त्यानंतर तीनच आठवड्यांनी, १ मार्च १९४९ रोजी, कोल्हापूर संस्थान मुंबई इलाख्यात विलीन झाले. म्हणजे ज्या घडीला कोल्हापुराने आपली राजधानीची पदवी गमावली, जवळजवळ त्याच घडीला येथील महाविद्यालयांचे दप्तर मुंबईहून पुण्याकडे वळते झाले. पुणे विद्यापीठाचा अंमल तेव्हा बारा जिल्ह्यांवर होता. एवढ्या विस्ताराच्या विद्यापीठाने दूरच्या महाविद्यालयासाठी जे करायचे ते म्हणजे परीक्षा घेणे आणि पदव्या देणे. त्याहून अधिकाची अपेक्षा धरणे अन्यायाचे झाले असते. चंदगडच्या किंवा सावंतवाडीच्या मुलाला पदव्युत्तर अध्ययनासाठी मीटरगेजच्या गाडीने मिरजमार्गे पुणे गाठावे लागे, तेथे खोली शोधावी लागे, आणि घरच्या शेतीच्या उत्पन्नातून महिन्याच्या महिन्याला मनीऑर्डर येईल की नाही याची विवंचना वाहावी लागे. जी मुले पुण्यास पोहोचली त्यांची चरित्रे आपण वाचतो. जी घाटापलीकडे किंवा मिरज जंक्शनाच्या अलीकडेच थांबली त्यांची संख्या कोणत्याही ताळेबंदात लागलेली नाही.

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. तोवर मुंबई, नागपूर, पुणे आणि मराठवाडा अशी प्रदेशवार विद्यापीठे झाली होती; दक्षिण महाराष्ट्र तेवढा उरला होता. मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण सातारा जिल्ह्याचे, शिक्षणखाते सांभाळणारे बाळासाहेब देसाई त्याच जिल्ह्यातील पाटण तालुक्याचे. तेव्हा या विद्यापीठाच्या मागे राजकीय बळ होते हे लपवण्याचे कारण नाही. बळ होतेच, पण त्यामागे गरजही होती. आर्थिकदृष्ट्या मागासलेल्या कुटुंबांतील मुलांना फीची जी सवलत त्याच सुमारास सरकारने दिली, आणि जी खेडोपाडी ‘ई. बी. सी.’ या नावाने अद्याप स्मरणात आहे, तिच्यामुळे महाविद्यालयाच्या दाराशी येणाऱ्या मुलांची संख्या वाढणार हे उघड होते. आणि दार उघडणाऱ्याने आत बसायला जागा आहे की नाही हे पाहणे क्रमप्राप्त होते. सवलत आणि विद्यापीठ हे एकाच धोरणाचे दोन हात होते असे मी मानतो. त्या काळी या गोष्टीला कोणी धोरणपत्रिका म्हटले नसेल, परंतु नंतरच्या पुष्कळ धोरणपत्रिकांपेक्षा तीत अधिक सुसंगती होती.

१८ नोव्हेंबर १९६२ रोजी राष्ट्रपती डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या हस्ते विद्यापीठाचे उद्घाटन झाले. तो दिवस कसा होता हे ध्यानात घेतल्याशिवाय त्या समारंभाचे धाडस कळत नाही. चीनचे आक्रमण होऊन महिना लोटत आला होता, उत्तर सीमेवरून येणारी वार्ता दिवसेंदिवस अशुभ होत होती, संरक्षणखाते सांभाळण्यासाठी यशवंतरावांना दिल्लीचे बोलावणे आले होते, आणि अवघ्या तीन दिवसांनी, २१ नोव्हेंबरला, त्यांनी त्या खात्याची सूत्रे हाती घेतली. सरकारी तिजोरीचा प्रत्येक रुपया युद्धाकडे वळणार अशा ऐन वेळी पन्नास वर्षांपलीकडच्या फळाची अपेक्षा धरून एका विद्यापीठाचा आरंभ करणे, हा योगायोगही म्हणता येईल आणि निष्ठाही. मला स्वतःला त्यात दोन्ही दिसतात.

आरंभीचा संसार लहान होता. चौतीस संलग्न महाविद्यालये, सुमारे चौदा हजार विद्यार्थी आणि स्वतःचे पाच पदव्युत्तर अधिविभाग. अधिकारक्षेत्रात कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि रत्नागिरी हे पाच जिल्हे. म्हणजे पंचगंगाकाठचा ऊस, माणदेशातला कोरडा माळ, सोलापूरच्या गिरण्या आणि कोकणची भातखाचरे ही सर्व एका कायद्याखाली आली. आणि या लहान संसारासाठी जागा घेण्यात आली ती शहराच्या पूर्वेच्या अंगास, सागरमाळ नावाच्या उंच, उघड्या, मुरमाड पठारावर. तिचा विस्तार आठशे त्रेपन्न एकर.

या आकड्यापाशी थोडे थांबले पाहिजे. पाच अधिविभागांना आठशे त्रेपन्न एकर जमीन कशासाठी, असा प्रश्न त्या वेळी कोणा हिशेबी माणसाच्या मनात आला असल्यास त्याला दोष देता येणार नाही. पाच अधिविभाग, एक ग्रंथालय, एक कचेरी, दोन वसतिगृहे आणि एक क्रीडांगण ही सर्व साठ-सत्तर एकरांत ऐसपैस बसली असती. शहराच्या मध्यवस्तीत, राजवाड्याच्या किंवा जुन्या महाविद्यालयाच्या आसपास, एखादा बरासा वाडा घेऊन काम सुरू करणे अधिक सोयीचे आणि लोकांच्या डोळ्यांसमोर राहणारे झाले असते. अशी कितीतरी विद्यापीठे आपल्या देशात निघाली, आणि वीस वर्षांच्या आत प्रत्येक नव्या विभागासाठी गल्लीबोळांतून जागा धुंडाळत बसली. सागरमाळावर ज्यांनी हद्दीचे दगड रोवले त्यांनी आपल्या हयातीत न लागणारी जमीन घेतली. मोकळी जमीन नंतर मिळत नाही, पैसा मात्र नंतर मिळू शकतो, एवढा साधा विचार त्यामागे असावा. आणि माझ्या मते या विद्यापीठाच्या साठ वर्षांतील नियोजनाचा सर्वांत यशस्वी निर्णय हाच होय, मग त्याला कोणी नियोजन म्हणो वा न म्हणो. पुढे शास्त्रशाखांच्या इमारती, परीक्षाभवन, विद्यार्थिनींची वसतिगृहे, तंत्रज्ञान अधिविभाग, ग्रामीण विकास प्रशाला, अतिसूक्ष्म द्रव्यांच्या अभ्यासाची शाखा, असे जे जे नवे सुचत गेले त्याला ‘जागा कुठे आहे?’ हे उत्तर कधी मिळाले नाही.

जागा होती, पण तिच्यावर पाणी नव्हते. माळावर पाऊस पडे आणि उताराने निघून जाई. आरंभीच्या पिढीने झाडे लावली आणि ती जगवली. माळावरची आजची दाट राई पाहणाऱ्याला मूळचा उघडा खडक कल्पनेनेच उभा करावा लागेल. पाण्याचा प्रश्न मात्र फार काळ नगरपालिकेच्या नळावर अवलंबून राहिला. उतारावर बांध घालावेत, तळी खोल करावीत, विहिरींतील गाळ काढावा आणि पडलेला पाऊस आवारातच मुरवावा, हा उद्योग विद्यापीठाने नेटाने हाती घेतला तो गेल्या दशकात, आणि त्यानंतर पाण्याच्या बाबतीत ते स्वयंपूर्ण झाले. एका बाजूने ही अभिमानाची गोष्ट आहे. दुसऱ्या बाजूने, जी गोष्ट माळाच्या उतारावरच लिहिलेली होती ती वाचायला एका विद्यापीठाला पन्नास वर्षे का लागावीत, हेही विचारले पाहिजे. जमिनीची तजवीज करणाऱ्यांनी पाण्याची केली नाही; आणि त्यांच्या मागून आलेल्यांना पंचवार्षिक योजनांच्या रकान्यांत तळ्यासाठी रकाना सापडला नसावा.

पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार यांचा कार्यकाल सुमारे तेरा वर्षांचा, १९६२ ते १९७५. ते इतिहासाचे अभ्यासक होते, आणि विद्यापीठाचा आराखडा इतिहासकाराच्या हाती पडल्याचा परिणाम दोन ठिकाणी ठळक दिसतो. एक, मराठ्यांच्या इतिहासाची अस्सल साधने छापून काढण्याचे काम विद्यापीठाने अगदी कोवळ्या वयात आरंभले. ताराबाईकालीन कागदपत्रांचे जे खंड आप्पासाहेबांच्या संपादकत्वाखाली निघाले, ते छापण्याने त्या वर्षी एकही विद्यार्थी वाढत नव्हता आणि एकही अनुदान मिळत नव्हते, परंतु मोडीतील कागद कसर लागण्याआधी देवनागरीत आले. दुसरे, गरीब विद्यार्थ्याची सोय. सातारच्या छत्रपती शिवाजी कॉलेजात कर्मवीरांनी १९४७ पासून श्रम करून शिकण्याचा जो परिपाठ घालून दिला होता, त्याचे अनुकरण विद्यापीठाने पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी केले. ‘कमवा आणि शिका’ योजनेखाली विद्यार्थी भवनात राहून, ग्रंथालयात वा कचेरीत वा बागेत ठरावीक तास काम करून एम. ए., एम. एस्सी. झालेली मुले पुढे याच प्रदेशातील महाविद्यालयांत अध्यापक आणि प्राचार्य झाली. विद्यापीठाला लागणारा अध्यापकवर्ग बाहेरून मागवण्याऐवजी आपल्याच वसतिगृहात तयार करण्याची ही युक्ती होती. आणखी एक बाब सहज नोंदवतो: मुख्य इमारतीसमोरील शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा, जो आज विद्यापीठाचे चिन्हच होऊन बसला आहे, त्याचे अनावरण यशवंतरावांच्या हस्ते १ डिसेंबर १९७४ रोजी झाले, म्हणजे स्थापनेनंतर बारा वर्षांनी. आधी अधिविभाग आणि मग पुतळा, हा क्रम आजच्या काळात उलटा लागला असता असे वाटते.

आप्पासाहेबांच्या नंतर बॅरिस्टर पी. जी. पाटील आले. तेही कर्मवीरांच्या परंपरेतले, आणि योग्यतेने कोठेही उणे नव्हते. पण १९७४ च्या कायद्याने कुलगुरूची मुदत तीन वर्षांवर आली होती. पहिले वर्ष विद्यापीठ समजून घेण्यात, दुसरे ठराव मांडण्यात आणि तिसरे उत्तराधिकारी कोण होणार या कुजबुजीत जाते, हे कोणत्याही अनुभवी कुलसचिवाने सांगितले असते. १९९४ च्या कायद्याने ही मुदत पाच वर्षे केली. तरीही तेरा वर्षांची सलगता पुन्हा कोणास मिळाली नाही, आणि ती मिळावी असेही मी म्हणणार नाही. कारण तेरा वर्षे एकाच माणसाच्या हाती कारभार असण्याने जे साधते ते तो माणूस आप्पासाहेबांसारखा असला तरच साधते. एवढे मात्र खरे, की दीर्घकाळाची योजना आखणाऱ्याला ती राबवण्याइतका काळ द्यावा लागतो, किंवा ती राबवणारी कचेरी तरी पक्की असावी लागते.

मधली वर्षे पंचवार्षिक योजनांची. विद्यापीठ अनुदान आयोगाकडून प्रत्येक योजनाकाळाच्या आरंभी पत्र यावे, अधिविभागांनी पदे, उपकरणे, ग्रंथ आणि इमारती यांच्या याद्या द्याव्यात, कार्यकारी मंडळाने त्या एकत्र करून दिल्लीस पाठवाव्यात, दिल्लीहून एक समिती यावी, तिने मागणीच्या काही अंशाची शिफारस करावी, आणि पुष्कळ बाबतींत आपल्या हिश्श्याइतकाच हिस्सा राज्य शासनाने वा विद्यापीठाने उचलावा अशी अट घालावी. या रिवाजाने विद्यापीठ वाढले हे नाकारता येत नाही. परंतु आपल्याला काय हवे याऐवजी काय मिळू शकेल याची यादी करण्याची सवयही याच रिवाजाने लावली, आणि ती सवय योजना आयोग विसर्जित झाल्यावरही गेलेली नाही.

विद्यापीठाच्या हातून नियोजनाची दोरी निसटली ती १९८३ च्या सुमारास. मुख्यमंत्री वसंतदादा पाटील यांच्या सरकारने खासगी संस्थांना विनाअनुदान तत्त्वावर अभियांत्रिकी महाविद्यालये काढण्यास परवानगी दिली. दादा सांगलीचे, आणि ज्या मुलुखात सहकारी साखर कारखाने, दूधसंघ आणि शिक्षणसंस्था एकाच पुढारीमंडळींच्या हाती होत्या, तेथे या धोरणाचा अंमल सर्वांत जलद व्हावा यात नवल नव्हते. कोल्हापूरला, इस्लामपूरला त्याच वर्षी अभियांत्रिकीची महाविद्यालये निघाली, पाठोपाठ आणखी निघाली. तोवर सांगलीच्या वालचंद महाविद्यालयात जागा न मिळालेला विद्यार्थी कर्नाटकात जाऊन देणगी मोजत असे. तो पैसा आणि ती मुले येथेच राहू लागली, आणि यांतील काही महाविद्यालयांनी पुढे उत्तम नाव काढले, ही या धोरणाची जमेची बाजू. खर्चाची बाजू अशी, की महाविद्यालय कोठे, किती आणि कशासाठी असावे याचा विचार ज्या विद्यापीठाने करायचा, त्याच्याकडे संलग्नतेचे कागद निर्णय झाल्यानंतर येऊ लागले. स्थानीय चौकशी समितीने जावे, प्रयोगशाळेतील बाके मोजावीत, उणिवा लिहाव्यात, आणि त्या उणिवा पुढील वर्षी पूर्ण करण्याच्या हमीवर संलग्नता पुढे चालू ठेवण्याची शिफारस करावी, हा परिपाठ तेव्हापासून पडला.

यावर उपाय म्हणून १९९४ च्या महाराष्ट्र विद्यापीठ कायद्याने बृहत् आराखड्याची योजना आणली. विद्यापीठाने आपल्या क्षेत्राची पाहणी करावी. कोणत्या तालुक्यात कोणत्या शाखेचे महाविद्यालय हवे हे आधी ठरवावे. आणि या आराखड्यात न बसणारा अर्ज विचारातच घेऊ नये, असे तो कायदा स्पष्ट शब्दांत म्हणत होता. कागदावर याहून चांगली व्यवस्था सुचवणे कठीण आहे. महाविद्यालय आणि विद्यापीठ विकास मंडळ नावाची स्वतंत्र कचेरी या कामासाठी उभी राहिली, नकाशे झाले, तालुकावार तक्ते झाले, आणि जतला वा आटपाडीला किती मुलींना महाविद्यालयासाठी किती मैल जावे लागते हा प्रश्न प्रथमच अधिकृतपणे विचारला गेला. पण त्याच कलमात एक परंतुक होते: अपवादात्मक परिस्थितीत, कारणे लेखी नमूद करून, विद्यापीठाने शिफारस न केलेल्या अर्जालाही शासन मंजुरी देऊ शकेल. ज्यांनी हे परंतुक घातले त्यांचा हेतू शुद्धच असेल. तथापि ‘अपवादात्मक’ या विशेषणावर आमच्या मंत्रालयाने साऱ्या महाराष्ट्रात जेवढा भार टाकला तेवढा मराठी भाषेतील फार थोड्या विशेषणांनी सोसला असेल. २०१६ च्या कायद्याने राज्य उच्च शिक्षण आयोग वर बसवला, इरादापत्राचा टप्पा आणला, आराखड्याची मुदत पाच वर्षे केली. व्यवस्था अधिक बांधीव झाली. पण मंजुरीची शेवटची सही विद्यापीठाच्या आवाराबाहेर होते, ही वस्तुस्थिती तशीच राहिली.

आता ज्या गोष्टीकडे या विद्यापीठाच्या इतिहासकारांनी पुरेसे लक्ष दिलेले नाही असे मला वाटते, तिच्याकडे वळतो. ती म्हणजे विद्यापीठाने काय काय सोडले. १९६८ साली राहुरीला कृषी विद्यापीठ झाले आणि कृषिशिक्षण त्याच्याकडे गेले. पुढे रत्नागिरीचा मुलूख मुंबई विद्यापीठाला जोडला गेला आणि आंबा घाटाखालील महाविद्यालयांचा कोल्हापूरशी असलेला कागदोपत्री संबंध संपला. १९९८ साली नाशिकला आरोग्य विज्ञान विद्यापीठ झाले आणि वैद्यकीय महाविद्यालये तिकडे गेली. १ ऑगस्ट २००४ रोजी सोलापूर वेगळे झाले. २०२१ साली सातारला कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ अस्तित्वात आले, आणि रयतच्या ज्या महाविद्यालयांच्या बळावर शिवाजी विद्यापीठाचा आरंभ झाला होता त्यांतील काहींनी आपली स्वतंत्र चूल मांडली. पाच जिल्ह्यांचे तीन राहिले, आणि त्या तिनांतूनही शाखेमागून शाखा निघत गेली.

संलग्न महाविद्यालये असणाऱ्या विद्यापीठाच्या तिजोरीचा मोठा आधार परीक्षाशुल्क आणि संलग्नताशुल्क हाच असतो. एक जिल्हा जाणे म्हणजे अंदाजपत्रकातील एक खांब जाणे. म्हणून अशा विभाजनाला मूळ विद्यापीठे बहुधा राजी नसतात, आणि थोरल्या भावाने वाटणीच्या वेळी बांधावरून भांडावे तशी ती इमारतीवरून, सेवकवर्गावरून आणि ठेवींवरून वर्षानुवर्षे भांडत राहतात. सोलापूरच्या बाबतीत निराळे घडले. सोलापूरहून कोल्हापूर आणि पुणे जवळजवळ सारख्याच अंतरावर. तेथील विद्यार्थ्याला कोल्हापूरविषयी प्रेम वाटावे असे भौगोलिक कारण काहीच नव्हते. हे ओळखून विद्यापीठाने सोलापूरला आपले पदव्युत्तर केंद्र आधीच उभे केले होते. २००४ साली जेव्हा स्वतंत्र विद्यापीठाची घोषणा झाली, तेव्हा राज्यातील त्या पहिल्या एकजिल्हा विद्यापीठाला आरंभ करण्यासाठी एक जिवंत केंद्र आयते मिळाले. आपल्यातून जाणाऱ्याची सोय तो जाण्याआधी लावून ठेवणे, याला मी दूरदृष्टी म्हणतो. जमीन घेण्यातील दूरदृष्टीहून ती अवघड आहे.

या काळात संशोधनाची बाजू वाढत गेली. पदार्थविज्ञान आणि रसायन या अधिविभागांतून, विशेषतः द्रव्यविज्ञानाच्या क्षेत्रात, जे काम झाले त्याची दखल परदेशी संशोधकांनी घेतली. ग्रंथालय बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकरांच्या नावाने ज्ञानस्रोत केंद्र झाले. आणि २०२१ साली राष्ट्रीय मूल्यांकन परिषदेने, जिला सर्वजण ‘नॅक’ म्हणून ओळखतात, विद्यापीठाला ३.५२ गुणांकासह ‘ए प्लस प्लस’ ही श्रेणी दिली. अभिनंदनाचे फलक लागले ते योग्यच झाले. त्या फलकांवर सागरमाळाच्या हद्दीचे दगड रोवणाऱ्या अनाम भूमापकांचे नाव असण्याची शक्यता नव्हती, आणि तेथे ते शोभलेही नसते.

साठाव्या वर्षी विद्यापीठापुढील प्रश्न पूर्वीच्या सर्व प्रश्नांहून निराळा आहे. सुमारे दोनशे ऐंशी महाविद्यालये आणि तीन लाखांच्या आसपास विद्यार्थी असा आजचा पसारा. आणि २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण म्हणते, की पंधरा वर्षांच्या अवधीत संलग्नतेची पद्धतच टप्प्याटप्प्याने संपुष्टात यावी, महाविद्यालयांनी स्वायत्त व्हावे आणि आपापल्या पदव्या आपणच द्याव्यात. हे ठरल्या मुदतीत घडेल असे मानणारा मनुष्य मला अद्याप भेटलेला नाही. पण निम्मे जरी घडले, तरी ज्या कामासाठी १९६२ चा कायदा झाला ते काम उरणार नाही, परीक्षाभवनातील निम्मी टेबले रिकामी होतील, आणि विद्यापीठ म्हणजे सागरमाळावर प्रत्यक्ष शिकणारे विद्यार्थी, त्यांना शिकवणारे अध्यापक आणि त्यांच्या प्रयोगशाळा एवढेच राहील. अशा विद्यापीठाचे अंदाजपत्रक कसे असेल, अधिविभागांत आज रिकाम्या पडलेल्या अध्यापकांच्या जागा कोणाच्या पैशाने भरल्या जातील, आणि जत, चंदगड, महाबळेश्वरच्या लहान महाविद्यालयांना, ज्यांच्या अंगी स्वायत्त होण्याचे त्राण नाही, त्यांचा वाली कोण, या तीन प्रश्नांची उत्तरे देणारा आराखडा आता लिहिला गेला पाहिजे. तो लिहिताना आठशे त्रेपन्न एकरांतील मोकळी राहिलेली जमीन उत्पन्नासाठी भाड्याने वा करारावर देण्याची सूचना कोणीतरी करीलच. ती फेटाळावी, अशी माझी अधिसभेच्या सदस्यांना विनंती आहे.

दुसरी विनंती महाविद्यालयांच्या प्राचार्यांना आणि जुन्या विद्यार्थ्यांना. पहिल्या चौतीस महाविद्यालयांपैकी कित्येकांच्या कपाटांत संलग्नतेचे मूळ अर्ज, चौकशी समित्यांचे अहवाल आणि विद्यापीठाशी झालेला पत्रव्यवहार अद्याप पडून असेल, आणि दरवर्षी रद्दीच्या दिवशी त्यातील काही भाग कमी होत असेल. त्याच्या प्रती विद्यापीठाच्या ग्रंथालयाकडे पाठवाव्यात. पंच्याहत्तराव्या वर्षी हा इतिहास जो कोणी पुन्हा लिहील, त्याला माझ्यापेक्षा अधिक कागद हाताशी असले पाहिजेत.